शुक्रवारची बाई

११ जुलै २००८

आधी सगळ्यांची खुशाली! सूनबाईची, म्हणजे नसरीनची, मान आखडलीय — कॉम्प्युटरपुढं बगळ्यासारखी बसते, दुसरं काय होणार. माझे गुडघे जिना चढताना आपापसात बोलतात. दुकानातल्या बांगड्या खुशाल. कालच्या पार्सलात फक्त दोन वाढल्या. (फुटल्या म्हणायचं नाही आमच्या धंद्यात.) कंपनीत कामाला जाणाऱ्या माझ्या रियाजचं पोट बरं आहे, डोकं ठिकाणावर नाही. आणि वहीबाई, तू कशी आहेस? पहिल्याच पानावर चहा सांडला, राग मानू नकोस.

आता रियाजच्या डोक्याचं. जेवताना म्हणाला, "अम्मी, दिवाळीपर्यंत बघतो. नसरीनच्या त्या वेबसाइटवरून गिऱ्हाईक आलं तर आलं. नाहीतर भाऊबीजेला सुतार बोलावतो. बांगड्या बंद, मोबाईलचं दुकान सुरू."

माझ्या सासूबाईंनी मांडलेलं दुकान! नसरीनचा घास हातातच राहिला. पोरगी पुण्याहून इथं भोरात नांदायला आली, चार महिने खपून तिनं ती वेबसाइट उभी केली. मी म्हटलं, "अरे, मोबाईलवाल्यापुढं कुणी हात देऊन, गप्पा मारत बसतं का?"

हसला नाही. म्हणजे खरंच ठरवलंय.

१४ जुलै

नसरीननं 'कीवर्ड' समजावला. मला कळलं ते असं — गिऱ्हाईक गुगलला जी हाक मारतं, ती आपल्या पानावर लिहिलेली पाहिजे. मग आपण ओ द्यायची. पण नुसतं 'बांगड्या' म्हणून हाक मारली, तर जगातली सगळी दुकानं ओ देतात. आपला नंबर चाळिसाव्या पानावर!

चाळिसाव्या पानापर्यंत कोण जाईल? मी वाचायला शिकले ते बांगड्यांच्या पुड्यांच्या रद्दीवरून. अर्धी बातमी एका पुड्यात, अर्धी दुसऱ्यात. खून झालेला कळायचा, कुणी केला ते पुढच्या पार्सलात. एवढी चिकाटी आता कुणाकडं आहे?

आणि म्हणे लोक हाक मराठीतच मारतात, पण अक्षरं इंग्रजी. मराठी बाईला झगा घातल्यासारखं.

१५ जुलै

विचार केला. हे तर बाजारातल्या जागेसारखंच आहे!

बाजारच्या दिवशी सगळे कासार-मणियार तोंडाशी बसायला भांडायचे. मी पार शेवटाला, सुकट-बोंबिलवाल्यांच्या पलीकडं. सासूबाई म्हणायच्या, "तिथं मांजर येईल, बाई कशाला येईल?" पण यायची. जिला चारचौघांत हात पुढं करायची लाज, ती यायची. भातलावणी करून, ओझी वाहून हात रुंद झालेला. सव्वादोनची बांगडी बोटांवरच अडायची, अडीचची अंगठ्याच्या हाडाशी. पुढचा दुकानदार मोठ्यानं ओरडायचा — "मावशी, तुमच्या मापात न्हाई!" सगळा बाजार वळून बघायचा. मग ती नाकाला पदर लावून, सुकट ओलांडून माझ्याकडं. मी गुपचूप पावणेतीनची काढायची, साबण लावून, अंगठा आत दाबून भरायची. पुढच्या बाजारी तीच बाई बहिणीला घेऊन हजर. हात घराण्यानं येतो!

नसरीनला म्हटलं, आपली हाक 'मोठ्या हाताच्या बांगड्या'. तिनं कुठंतरी पाहिलं. "अम्मी, महिन्याला जेमतेम दहा जण शोधतात हे!"

"दहा? मग सुकटीकडचा अख्खा बाजार झाला की."

रियाज आतून — "त्या दहातल्या नऊ तुम्ही दोघीच असणार."

२२ जुलै

तह झाला. दोन पानं. नसरीनचं 'लग्नाच्या बांगड्या', माझं 'मोठ्या हाताच्या बांगड्या'. तिच्या पानावर नवरीचा फोटो. माझ्या पानावर माझा हात. फोटोत अगदी आल्याच्या गड्ड्यासारखा आलाय.

१ ऑगस्ट

नसरीनच्या पानावर पुष्कळ आले आणि आल्या पावली गेले. दारातून डोकावायचं, चप्पल न काढता पुढं!

माझ्या पानावर चार!! पेढे आणले. खाऊन झाल्यावर नसरीननं हिशेब लावला. एक ती स्वतः. एक मी, तिनंच शिकवताना. एकदा समोरच्या सायबर कॅफेतल्या बंटीला कौतुकानं दाखवलं, ते. चौथा कोण? रियाजनं पेढा गिळला आणि म्हणाला, "कंपनीत दोन मिनिटं मोकळा होतो. बंद पडलीय का बघितलं."

घरचेच वऱ्हाडी, घरचेच वाजंत्री.

१६ ऑगस्ट

काल एक जण आलं! आमच्यातलं कुणी नाही — सगळ्यांना शपथा घालून झाल्या. माझ्याच पानावर बराच वेळ बसलं. काही लिहिलं नाही, विचारलं नाही. नुसतं बसलं.

कोण असेल बिचारी?

२३ ऑगस्ट

परत आली! कालच, शुक्रवारी! तेवढाच वेळ बसली. नसरीन म्हणते, "अम्मी, बाईच कशावरून?"

म्हटलं, बांगड्या बघत कुठला बाप्या इतका वेळ बसेल? आमचे हे लग्नाच्या बांगड्या घ्यायला आले होते, ते बाहेर सायकलचं पंक्चर काढत बसले. पंक्चर नसताना.

३० ऑगस्ट

आली. मी तिला 'शुक्रवारची बाई' नाव ठेवलंय.

६ सप्टेंबर

रोजा. गौरी बसल्यात, त्यामुळं गिऱ्हाइकांची गर्दी आणि घशाला कोरड. तरी दुपारी नसरीनला बसवून माझ्या पानावर सगळ्यात वर लिहून घेतलं —

'शुक्रवारी येणाऱ्या बाई, लाजू नकोस. हात मोठा नसतो, बांगडी लहान असते. ये. रुकसानाचाची.'

नसरीन म्हणाली, "यात कीवर्ड कुठं आहे? एका गिऱ्हाइकासाठी कुणी असं पान लिहितं का?"

मी म्हटलं, एका गिऱ्हाइकासाठीच लिहितात. सगळ्यांसाठी लिहितात ती भिंतीवरची जाहिरात.

तिनं त्या ओळींना रंग दिला. गुणाची आहे.

१३ सप्टेंबर

काल सकाळपासून वेबसाइट वाढली. (बंद पडली म्हणणार नाही.) नसरीन बंटीच्या कॅफेत बसून ती दुरुस्त करत राहिली, संध्याकाळी चालू झाली. बंटी दारातून ओरडत होता, "चाची, कधीपण बंद पडू दे, शुक्रवारी नको बरं का!"

ह्याला काय शुक्रवारचं पडलंय?

३ ऑक्टोबर

काल ईद झाली. बंटीला शीरखुर्म्याचा डबा पाठवला. तीन वाट्या खाल्ल्या म्हणे. आज डबा परत द्यायला आला तेव्हा विचारलं, "शुक्रवारचं काय रे?" तर चौथी वाटी मागून तोंड भरून घेतलं.

१८ ऑक्टोबर

काल आली नाही. मागच्या शुक्रवारीही नाही. मी फार पुढं पुढं केलं का? लाजरं गिऱ्हाईक नावानं हाक मारली की पळतं, हे मला कळायला पाहिजे होतं.

रियाजनं सुताराला जागा दाखवली. सुतार फळीवर टेप लावत होता, नसरीन त्याच फळीवरच्या बांगड्या पुसत होती. रियाज नुसता घसा खाकरत राहिला.

२४ ऑक्टोबर

वही, घट्ट धर मला!

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. समोरून, बंटीच्या कॅफेतून, एक गडी रस्ता ओलांडून आला. मिशी अशी, की लिंबू ठेवलं तर खाली पडायचं नाही. मागं बंटी त्याला ढकलत — "जा की मामा, चाची खात न्हाई!"

गडी दाराशी उभा. रस्त्यावर बघतोय, छताकडं बघतोय. शेवटी माझ्या पायाकडं बघून म्हणाला, "चाची, तुमी लिव्हलंय न्हवं, शुक्रवारी येनाऱ्या बाई लाजू नकोस... ती बाई म्या हाय."

माझ्या हातातला पुडा पडला. एक डझन वाढल्या!

भिमा नाव. भोंगवलीचा, टेम्पो चालवतो. शुक्रवारी भोरात माल उतरवेपर्यंत बंटीकडं बसतो. बंटीनंच पान काढून दिलं आणि तोंड बंद ठेवलं. म्हणजे इतके शुक्रवार माझं गिऱ्हाईक माझ्या दुकानाकडं पाठ करून, कॉम्प्युटरात माझंच दुकान बघत होतं!

"आरं, मग रस्ता ओलांडायला काय झालं होतं?"

"चाची, गावात गडी गड्याला हिणवतो कसा? 'बांगड्या भर जा!' आन म्या खरंच भराया येऊ व्हय?"

गावच्या भारुडात हा बाईचं सोंग काढतो. सासूचं, सुनेचं, सगळी सोंगं ह्याचीच. लुगडं मिळतं, केस मिळतात. बांगडी मिळत नाही. प्लॅस्टिकच्या कापून तारेनं बांधतो. मनगटावर ओरखडेच ओरखडे. "त्या वाजत न्हाईत, चाची. सून भांडाया हात नाचवती, आन आवाज न्हाई! पोरं म्हनत्यात, हिच्या बांगड्या मुक्या. आता दिवाळी झाली की कार्यक्रम चालू व्हत्यात. मदी दोन आठवडे सातारला भाडं व्हतं म्हनून आलो न्हाई. तुमी वाट बघितली का?"

डोळ्यात पाणी आलं माझ्या. म्हटलं, "बस. हिणवायला बांगडी फुकट असते, भरायला विकत. हात इकडं कर."

पावणेतीनची अडली. वरच्या फळीवर तीनच्या मापाचा जुना डबा होता. माझ्या काळातही कधी खपला नाही तो. साबण लावला, अंगठा आत दाबला, "ढिला सोड, स्टिअरिंग नाही हे!" आणि गेली! हिरवी, काचेची. दोन्ही हात भरले. त्यानं हात हलवला. खळ्ळकन वाजल्या. पुन्हा हलवला. मग एवढा मोठा गडी आपल्याच हातांकडं बघत सुनेसारखा भांडायला लागला, "अवं मामंजी, ऐकलं का?"

नसरीन हसून हसून फळीला टेकली. दारात रियाज कधी येऊन उभा राहिला कळलंच नाही.

२५ ऑक्टोबर

रियाज म्हणतो, "मजा आली, कबूल. पण अम्मी, एक गिऱ्हाईक म्हणजे धंदा नाही." खरं आहे त्याचं.

नसरीन मात्र कॉम्प्युटरपुढं बसली आणि माझ्या पानावर भर घातली — 'सोंगाच्या बांगड्या. बाईचा हात असो, बाप्याचा असो.' विचारलं, ही हाक महिन्याला किती जण मारतात? म्हणाली, "अम्मी, तिथं शून्य दाखवतंय."

भिमासुद्धा शून्यातच होता.

३० ऑक्टोबर, भाऊबीज

सुतार आला होता. रियाजनं त्याला फराळ देऊन परत पाठवलं. त्याआधी वेबसाइटवर आलेली चिठ्ठी त्याला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवली —

'आम्ही कुडाळकडचे दशावतारी. आमच्या कंपनीत पाच बायका आहेत, पाचही पुरुष. शेजारच्या तीन कंपन्यांचंही बांगड्यांचं हेच दुखणं. हाताचं माप कसं घ्यायचं ते कळवा. नाटकं उभी राहायची वेळ आली, उत्तर लवकर लिहा.'