कपाळावरचा गेरू

यशोधराच्या आजोबांना द्रौपदाचा जयभीम.

मी पुण्यात नातीकडं बरी हाय. शेळीला येळेवर पाणी दाखवता ना?

तुमच्या कपाळावर नागीण उठली न् तुमी गेरू फासून बसलाय, हे टेंपो घेऊन इकडं आलेल्या रत्नदीपनं सांगितलं. माझा फोन तुमी उचलत न्हाई, म्हणून त्याच्याच हाती ही चिठ्ठी.

यशोधरानं मला तिच्या लॅबमधी पडद्यावर दावलं. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू दुखणं कळवणाऱ्या शिरेच्या मुळाशी दडून बसतो. जागा झाला की पेशीच्या आत आपलं बियाणं कवचात भरतो. मग पारगावच्या कारखान्याला उसाच्या गाड्या निघाव्यात, तसा शिरेतल्या दोऱ्यांवरून रांगेनं चालतो न् पेशीचंच कातडं पांघरून बाहेर पडतो. कपाळावरची वाट डोळ्याकडं जाते. वरचा गेरू त्याला आत कसा अडवील?

पोरगी म्हणाली, "आजी, आजोबांना आजच गोळ्या सुरू करायला लावा. उशीर झाला तर त्यांचा डोळा जाईल."

माझ्या कमरेची नागीण गेरूनं बरी झाली म्हणून मी गावभर मिरवलं, ते खोटं व्हतं. चार वर्षं झाली, कमरेला लुगडं घासलं तरी अजून जळतं.

हे कुणाला सांगत बसू नका. तोंड धुवा न् रत्नदीपच्या टेंपोत बसून जुन्नरच्या डॉक्टरकडं जा.

तुमच्याशी भांडायला उरलेली,
द्रौपदा