ऑरेंज शब्दाचा प्रवास आणि मास्तरची खुर्ची

१ सप्टेंबर १९९६, रविवार
आमचे कलर मास्तर गावी गेले ते कायमचे. उधन्याच्या आमच्या डाइंग मिलमध्ये त्यांची खुर्ची रिकामी. शेठ म्हणाले, शालिग्राम, सध्या रंगाची शेड नमुन्याशी तूच मिळव, काम बघून ठरवू. म्हणजे ठरलंच! इतकी वर्षं वाफेत उभं राहून पायांच्या शिरा सुतळीसारख्या फुगल्यात. आता बसून काम. मास्तरला इंग्रजी हवंच, म्हणून बाजारातून जुना जाडजूड इंग्रजी कोश आणला. रोज एक रंग पाठ करायचा. आजच सुरुवात करणार होतो. पाय फार ठणकत होते.

४ सप्टेंबर
'ऑरेंज' उघडला. थक्क झालो. शब्द आपलाच! संस्कृतातला नारंग. तिथून फारसी, अरबी, स्पॅनिश करत इंग्लंडात. वाटेत पहिला 'न' गळाला. इंग्रजीत आधी फळाचं नाव, रंगाचं नंतर. त्याआधी ते लोक या रंगाला पिवळा-लाल म्हणत. बिचारे. बायकोला, रंजनाला, हे सगळं समजावलं. "पहिले जेवी ल्या," म्हणाली. मग खुर्चीला गादी आहे का, ते विचारलं. बायकांचं लक्ष नको तिथे.

७ सप्टेंबर
संकल्प : नवागामच्या आमच्या गणेश मंडळात 'ऑरेंजचा प्रवास' हे व्याख्यान. शेठ प्रमुख पाहुणे. ऐकून जागच्या जागी मास्तर करतील. मंडळाचे अध्यक्ष उखाभाऊ म्हणाले, त्यापेक्षा हाउजीचे आकडे पुकार, आवाज चांगला आहे. शेवटी आरती आणि फॅन्सी ड्रेस यांच्या मधली वेळ दिली. भाषण उद्यापासून लिहायला घेणार.

१० सप्टेंबर, संध्याकाळ
मगनभाई व्यापाऱ्याच्या नारिंगी साड्यांचा लॉट मशीनवर. मशीनवाल्या भिकनने कापून तुकडा आणला. रीत अशी की तुकडा वाफेच्या पाइपवर वाळवायचा आणि खिडकीशी, उजेडात, पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या, नमुन्याला लावून बघायचा. पण ऊन उतरलेलं, आणि मी कोशात भलत्याच रंगात आलेलो. फ्रान्सात ऑरेंज नावाचं गाव आहे. त्या नावाचा फळाशी मुळात संबंध नाही, पण त्यावरून एका राजघराण्याचं नाव पडलं आणि हा रंग त्यांना जो चिकटला तो चिकटलाच. भिकन विचारत होता, वाळवू का. म्हटलं, ज्याला शब्दाचं मूळ ठाऊक त्याला वाळवायची गरज नाही. ओलाच ट्यूबलाइटखाली धरला. तंतोतंत!

१२ सप्टेंबर
लॉट वाळला. फोडणी न दिलेल्या वरणासारखा निघाला. मगनभाईंनी कापडाचा ताका टेबलावर आपटला. मी शांतपणे समजावलं की इंग्रज शेकडो वर्षं यालाच पिवळा-लाल म्हणत, तेव्हा इतिहासाच्या दृष्टीने माल बरोबर आहे. "मने इतिहास नथी जोईतो, सेंपल जेवो माल जोईए," म्हणाले. इतिहास नको, नमुन्यासारखा माल हवा! अरसिक माणूस. दोष बोअरच्या पाण्याचा आहे.

१४ सप्टेंबर
शेठनी जेतपूरहून मास्तर आणला. आला आणि बसला. ऑरेंजचं मूळ त्याला विचारलं, तर म्हणाला, भाई, तुकडा वाळवून आण. मला शेठ म्हणाले, तू आपला मशीनवरच बरा. तात्पुरतं असावं. रंजनाला बोललो नाही. नवरा मास्तर झाला असं तिने चाळभर सांगून ठेवलंय. सणासुदीचं कशाला.

१९ सप्टेंबर
व्याख्यान झालं. शेठ आले नाहीत. आरती संपताच लोक प्रसादाकडे. अरबस्तानापर्यंत पोचलो तेव्हा समोर सतरंजी आणि एकटी रंजना. नवं लुगडं नेसून, पदर सावरून, शेवटपर्यंत ऐकत होती. शब्द तिला कळत नव्हते, पण माझ्याकडे बघून मान डोलवत होती. मला बरं वाटलं, आणि मग फार वाईट वाटलं.

रीत म्हणून विचारलं, कुणाला काही प्रश्न? ती उभी राहिली. लाजत, पण प्रसादाच्या रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "भाषण गोड व्हयनं. पन तुम्हले बसाले कधी मिळी?"

वेळेअभावी प्रश्नोत्तरं इथेच थांबवत आहोत, असं मी माइकवर जाहीर केलं.