नाव न घेता

लोंगाना, अंबे बेट
३ ऑगस्ट

चि. रोलिन हिस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडील सर्व क्षेम. डुकरं माझ्यापेक्षा धष्टपुष्ट आहेत. तुझ्या मामीच्या मते आमच्यात अजून फरक करता येतो हेच नशीब.

कॉलेजातून फोन आला होता. तू वर्गात बसत नाहीस, जेवायला जात नाहीस, आणि मनातलं ऐकून घेणाऱ्या सल्लागाराकडे पाठवलं तर उठून पळालीस म्हणे. पुन्हा गेली नाहीस तर शिष्यवृत्ती बंद. तुझ्यासाठी मुद्दाम आपल्या बेटावरचा, आपली भाषा बोलणारा माणूस शोधला होता. एवढी बडदास्त आमच्या बिशपांचीही होत नाही. मग पळालीस का गं? तुझी आई गेल्यापासून माझंही संध्याकाळचा काव्हा पिण्यावरून चित्त उडालं आहे; यावरून प्रकरणाचं गांभीर्य ओळख आणि येत्या जहाजाने उत्तर धाड.

वाट पाहणारा,
हॅरिसनमामा

पोर्ट व्हिला
११ ऑगस्ट

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

मामा, तो माणूस कोण, हे नाही ना सांगितलं त्यांनी? नाव मी कसं लिहू? नकामलचं, आपल्या चावडीचं, छप्पर शाकारताना पाद्रीबुवांच्या अंगावर पडला होता, तो. कळलं? आईच्या चुलतबहिणीचा मुलगा, म्हणजे आपल्या रीतीने माझा भाऊच की! त्याच्यासमोर बसून मी रडू? मला बघताच तो खिडकीकडे वळला आणि मी दाराबाहेर. तो तरी काय करणार बिचारा! कॉलेजच्या बाई म्हणाल्या, आपल्याच माणसाची कसली लाज. त्यांना काय समजावू?

झोप येत नाही. पुस्तक उघडलं की आई चटई विणतेय असं ऐकू येतं. तिच्या शंभराव्या दिवसाच्या जेवणालाही मी नव्हते. मला परत यायचंय मामा. रागावू नका.

तुमची रोलिन

लोंगाना
१९ ऑगस्ट

चि. रोलिन हिस आशीर्वाद.

ओळखला. पाद्रीबुवा अजून लंगडतात. अख्ख्या पोर्ट व्हिलातून नेमका तुला निषिद्ध असलेला पुरुष हुडकून काढायचा, याला विद्वत्ताच लागते.

पण पोरी, जाणते झाल्यापासून तुझी आई आणि मी एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही. तरी मला ताप आला की दाराशी पानात भाजलेलं गरम लापलाप हजर. तिच्या घरावरून जाताना मी खाकरायचो, ती आतून खाकरायची. काही सांगायचंच असलं तर मध्ये तू. मामा फार पितो असं आई म्हणते, हा निरोप तू काय चवीने पोचवायचीस! भावाशी बोलू नये, खरं; पण मध्ये माणूस ठेवू नये असं कोणत्या पूर्वजाने सांगितलंय?

त्याच्या बायकोला कळवलं आहे, कॉलेजलाही. ती येऊन बसेल. वाटेल ते तिला सांग. त्यातलं तू म्हणशील तेवढंच त्याच्यापर्यंत जाईल.

यायचं तर ये, घर तुझंच आहे. पण आमच्या दोघांतली वाचा तू होतीस. आई गेली, आता तूही गप्प झालीस तर मी कुणाकरवी बोलू?

लोभ आहेच. तो वाढावा असं वाटत असेल तर जेवत जा.

हॅरिसनमामा

पोर्ट व्हिला
२ सप्टेंबर

ती. मामांस शि. सा. न.

वहिनी आल्या. काही विचारलं नाही, केवड्याची वाळलेली पानं पुढ्यात टाकली आणि चटई विणायला बसल्या. माझी वीण वाकडी गेली तेव्हा म्हणाल्या, ही चटई डुकरंसुद्धा घेणार नाहीत. मी हसले, आणि मग रडायलाच लागले. पुष्कळ बोलले. शिष्यवृत्ती चालू ठेवली आहे. झोप अजून तुटकच, पण आता येईन ती सुट्टीतच.

लांब फाटकापाशी सगळा वेळ कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. मी निघाले तेव्हा तिकडून खाकरण्याचा आवाज आला.

मीही खाकरले, मामा.

तुमची रोलिन