पुढे माणसं आहेत

मुलुंड (पश्चिम)
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

सौ. जानकी हिस बाळाचे आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. गणपती झाले की लिहितो म्हणालो होतो आणि आता दिवाळीही होऊन गेली. अक्षर वाकडंतिकडं आलंय ते पेनामुळे. नवीन आहे, अजून हाताला बसलेलं नाही. मी बरा आहे. इथे सगळे बरे आहेत.

तुझा ताप पुन्हा उलटला नाही ना? मे महिन्यात आला तेव्हा तू मला सांगितलं नाहीस, शेजारच्या विमलाकडून कळलं. तेव्हापासून तू फोनवर 'बरी आसंय' म्हणालीस की मला ते अर्धंच खरं वाटतं. आपला नितेश नोकरीसाठी गोव्याला गेल्यापासून घरात तू एकटी. मागच्या दाराची कडी सैल आहे, ती तू अजून बसवून घेतली नसशील. आधी ते काम कर. विहिरीच्या काठावर शेवाळ असेल, तिकडे संध्याकाळी जाऊ नकोस.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. मला कमी ऐकू येतं म्हणून साहेबांच्या शर्मिष्ठाताईंनी माझा फोन मोठ्या आवाजावर करून ठेवलाय. तू बोलतेस ते साहेब ऐकतात, स्वयंपाकाची सोनूबाई ऐकते, ताई घरी असल्या तर त्याही ऐकतात. म्हणून मी जेवलो, झोपलो, ऊन फार आहे, एवढंच बोलतो. हे पत्र तू स्वतः वाच. तुझी सातवी झालीय आणि माझी चौथी, तेव्हा माझं अक्षर तुला लागेल. विमलाला वाचायला देऊ नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही.

मागे तू विचारलंस, "तुमी दोघे म्हातारे दिवसभर काय ठोकीत असतात?" फोनमध्ये तुला टकटक ऐकू आली होती. तो आमचा गोल्फ.

तुला ठाऊकच आहे, मी पोरगा होतो तेव्हापासून चेंबूरच्या मैदानावर देवव्रतसाहेबांच्या काठ्यांची किट खांद्यावर वाहिली. आता साहेबांचं डोकं राहिलेलं नाही. त्यांच्या बाई वारल्यावर ते जास्तच झालं. ते सारखं माझंच नाव घ्यायला लागले म्हणून ताईंनी मला गोवंडीच्या खोलीवरून इथे आणून ठेवलं. मैदानावर जाणं बंद झालं. आधी आम्ही खाली सोसायटीच्या हिरवळीवर खेळायचो, पण गवताचे लचके निघायला लागले तेव्हा सेक्रेटरी सुबोध स्वतः आले. म्हणाले, "काका, ही हिरवळ बघायला आहे, खणायला नाही." साहेब त्यांना म्हणाले, "तुम्ही मेंबर आहात का?" बिचारे परत गेले. तेव्हापासून हॉलमध्ये हिरवी चटई अंथरतो, समोर छत्री उघडून उलटी ठेवतो आणि साहेब चेंडू उचलून छत्रीत टाकतात.

त्यासाठी लागते ती काठी म्हणजे वेज. लांब मारायच्या काठ्या निराळ्या. चेंडू भोकाच्या जवळ आला, पण मध्ये वाळूचा खड्डा आहे किंवा चढ आहे, तेव्हा वेज काढायची. तिचं पातं मागे कललेलं असतं. जेवढं जास्त कललेलं तेवढा चेंडू वर जातो आणि पुढे कमी पळतो. साहेबांकडे चार आहेत, सेहेचाळीस, बावन्न, छप्पन आणि साठ नंबरची. नुसता नंबर बघून काठी निवडायची नसते. पात्याच्या तळाला पोट असतं. वाळूत आणि पावसाळ्यातल्या भुसभुशीत जमिनीत मोठ्या पोटाची काठी द्यायची, नाहीतर पातं रुतून बसतं. मे महिन्यात जमीन तापून दगड झाली की तेच पोट आपटून वर उडतं आणि चेंडू पार पलीकडच्या झाडीत. म्हणून मी पुढे जाऊन आधी पायाने जमीन दाबून बघायचो. साहेब न बघता हात मागे करायचे, मी त्यात काठी ठेवायचो. कोणती दे, असं त्यांनी सांगितलं नाही आणि कोणती दिली, असं मी सांगितलं नाही.

नवे मेंबर चेंडूला उचलायला बघतात. मनगट वळवतात, मध्येच हात थांबवतात, भितात. उचलायचं काम पात्याचं असतं. आपण फक्त हात न थांबवता पुढे न्यायचा. साहेबांचं सगळं गेलं, हे गेलं नाही. पोटच्या मुलीला ते कधी कधी मॅडम म्हणतात, पण चेंडू बरोबर छत्रीत पडतो.

हे मी कशाला एवढं लांबवतोय ते तुझ्या लक्षात आलं असेल. तू हुशार आहेस.

आधी दाराचं सांगतो. साहेब एकदा घराबाहेर पडून मरोळपर्यंत गेले होते, म्हणून ताईंनी दाराला अंगठ्याने उघडणारं कुलूप बसवलं. आतूनही अंगठा लागतो. ताईंचा चालतो, सोनूबाईचा चालतो. माझा चालत नाही. माणूस येऊन तीनदा बघून गेला. म्हणाला, काकांच्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नाहीत. किटचा पट्टा ओढून ओढून गेल्या असतील. आकडे दाबूनही उघडतं, पण तो आकडा ताईंनी मला सांगितलेला नाही, कारण साहेबांनी विचारलं तर मला नाही म्हणता येत नाही. ते खरंच आहे. दुपारी सोनूबाई घरी गेली की संध्याकाळी ती परत येईपर्यंत आम्ही दोघे आत. आग लागली तर काय, हा विचार माझ्या डोक्यात सारखा असतो. गॅसचं बटण मी चारचारदा बघतो.

आता इतकं लिहिलंय तर पुढचंही लिहितो. पेन नवीन नाही, जुनंच आहे. लिहितोय उजव्याच हाताने, पण तो मोडला होता.

गणपतीत साहेबांनी हॉलमधलं काचेचं कपाट फोडलं. मोठ्या काठीने फोडलं, कारण काय ते कळलं नाही. तेव्हा ताईंनी सगळ्या काठ्या काढून टाकायला सांगितल्या. मीच म्हणालो, ताई, लांब मारायच्या काढूया, वेज राहू द्या. त्या छोट्या शॉटच्या आहेत, त्यांनी काही होत नाही. ताईंनी माझं ऐकलं. गोल्फमधलं त्यांना कळत नाही, मला कळतं ना.

जानकी, चेंडू उडवायच्या सगळ्या काठ्यांत वेजचं डोकं सर्वांत जड असतं. दांडा आखूड आणि लोखंड जास्त. हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक आहे. पण मी चेंडू किती लांब जातो याचा विचार केला आणि म्हणालो, छोटी आहे.

गौरीगणपती गेले त्याच्या पुढच्या आठवड्यात, दुपारची वेळ. साहेबांनी हात मागे केला, मी छप्पनची दिली. त्यांनी बघितली आणि म्हणाले, "ही कुणाची काठी? माझी कुठे विकलीस?" मी म्हणालो, साहेब, तुमचीच आहे. त्यांनी ती उचलली. मी हात आडवा धरला म्हणून डोकं वाचलं, मनगट गेलं. नंतर तेच खाली बसून रडायला लागले. मला उठून पाणी प्यायचं होतं, पण संध्याकाळी सोनूबाई येईपर्यंत ते पाय सोडेनात.

ताईंना मी सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला.

दिवाळीला आलो नाही ते यासाठी. प्लास्टर घेऊन तुझ्यापुढे कुठे उभा राहू. तू पहिल्याच प्रश्नात काढून घेतलं असतंस. आता प्लास्टर निघालंय, बोटं नीट मिटत नाहीत, बाकी ठीक आहे.

ताई फार चांगल्या वागल्या. डॉक्टर, औषधं, सगळं त्यांनी केलं. बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा बसवला, रबराची चटई आणली. मी तो दांडा धरून आंघोळ करतो आणि मला लाज वाटते. त्याहून वाईट म्हणजे फरशी ओली ठेवल्याबद्दल त्या सोनूबाईला बोलल्या. सोनूबाईने त्यांच्यादेखत फरशी पुन्हा पुसली. नंतर पोळ्या लाटता लाटता मला म्हणाली, "बाळाभाऊ, पाणी मी सांडलं नव्हतं. तुम्ही पडला होतात, मग साहेब कशाला रडत होते?" मी पेपर वाचत राहिलो. ती म्हणाली, "वाचा, वाचा. उलटा धरलाय."

आणि साहेब. प्लास्टर होतं तोवर रोज सकाळी ते माझा हात हातात घेऊन विचारायचे, "कुणी मारलं रे तुला?" मी पडलो म्हणायचो. "खोटं बोलतोस. नाव सांग, मी बघतो त्याला." रोज, जानकी. मी कुणाचं नाव सांगू?

त्यानंतर मी चारही वेज माळ्यावर टाकायला लावल्या. साहेबांनी जेवण सोडलं. कपाटं उघडायचे, पलंगाखाली बघायचे, माझ्याकडे नुसता हात मागे करून उभे राहायचे. हात रिकामा राहिला की वळून माझ्या तोंडाकडे बघायचे. ते मला बघवेना. मग सोनूबाईला शिडीवर चढवून एक खाली काढायची ठरवली. कोणती, तर मी चारही डाव्या हातात एकेक करून तोलल्या. आयुष्यभर काठी निवडली ती चेंडू कुठे पडावा हे बघून. आता निवडली ती लागली तर कुणाला कमी लागेल हे बघून. सेहेचाळीसची त्यातल्या त्यात हलकी, तीच दिली. सोनूबाई शिडीवरूनच म्हणाली, "भाऊ, हलकी म्हणजे किती हलकी?" मी बाकीच्या तीन तिच्याकडे वर दिल्या.

गेल्या मंगळवारी ती सोफ्याखालून केर काढत होती. खाली वाकलेली, पाठ साहेबांकडे. मी चेंडू गोळा करत होतो. मान वर केली तर साहेबांनी काठी खांद्यापर्यंत नेलेली आणि डोळे सोनूबाईवर. ते ओळखीचे डोळे नव्हते. मला उठून पोचता आलं नसतं. माझ्या तोंडून आपोआप मैदानावरचा शब्द गेला, अगदी त्या जुन्या आवाजात, "साहेब, पुढे माणसं आहेत."

पुढची मंडळी अजून हिरवळीवर असली की किट वाहणाऱ्या कॅडीने हे सांगायचं असतं. मग खेळणारा थांबतो. साहेब थांबले. काठी खाली टेकवली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि सोनूबाईचा केर काढून होईपर्यंत सभ्यपणे वाट बघत उभे राहिले. ती उठली तेव्हा तिला म्हणाले, "थँक यू."

सोनूबाईने सगळं कपाटाच्या नव्या काचेत बघितलं होतं. तिने केरसुणी ठेवली आणि मला विचारलं, "हे वाक्य मी म्हटलं तर चालेल?" आम्ही करून पाहिलं. तिने वाक्य म्हटलं, साहेबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते फक्त माझ्या आवाजाला थांबतात.

आता तुला कळलं असेल मी का येत नाही. तू विचारतेस, "घराक कधी येतलात?" आणि मी गणपती म्हणतो, दिवाळी म्हणतो, आता शिमगा म्हणणार होतो. मी इथून उठलो तर त्यांना थांबवणारं कोणी नाही. आणि मी इथे बसलोय म्हणूनच ताईंना वाटतं की थांबवण्यासारखं काही नाही. मला रात्रीची झोप लागत नाही. माझा आवाजही आता बसत चाललाय. एखाद्या दिवशी ऐकू नाही गेला तर?

ताईंना सांगायला मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा त्या आधीच म्हणाल्या, "बाळाकाका, तुम्ही आहात म्हणून मी ऑफिसला जाऊ शकते." मग मी चहा घेणार का, असं विचारून परत आलो. डॉक्टरांनी त्यांना सांगून ठेवलंय की साहेब हात उगारायला लागले तर कर्जतकडे एक संस्था आहे, तिथे ठेवावं लागेल. तिथल्या खोल्यांना बाहेरून कडी असते. मी खरं बोललो तर साहेब तिथे जाणार. त्या पायांशी बसून रडलेल्या माणसाला मी तिथे पाठवू का? आणि नाही बोललो तर सोनूबाईचं डोकं फुटायची भीती आहे. तिला घरी तीन माणसं पोसायची आहेत. ती काम सोडून जाऊ शकत नाही आणि बाळाभाऊ असताना काही होणार नाही, असं म्हणते. माझ्या भरवशावर ती खाली वाकते, हे मला सहन होत नाही.

सतरा तारखेला ताई ऑफिसच्या कामाने आठवडाभर बंगलोरला चालल्यात. सगळं घर माझ्यावर सोपवून.

तेव्हा जानकी, तू सांग त्यांना. मला जमत नाही. तू कुणाला काही सांगायचं असलं की सरळ सांगतेस, मी पुष्कळ वेळा त्यावरून तुझ्यावर चिडलोय. त्यांचा नंबर या कागदाच्या मागे लिहिलाय. माझ्या फोनवर करू नकोस. दुपारी कर, तेव्हा त्या ऑफिसात असतात आणि त्यांना रडता येणार नाही. मनगटाचं सांग. सोनूबाईने पाणी सांडलं नव्हतं ते आधी सांग. साहेबांनी मुद्दाम केलं नाही, तेही सांग. आणि वेज राहू द्या असं मीच म्हणालो होतो, ते गाळू नकोस.

घरात लगेच कर्जतचं नाव काढू नका म्हणावं. दोन माणसं ठेवून, काठ्या सगळ्या काढून बघा म्हणावं. काठ्या काढल्यावर ते जेवत नाहीत तेव्हा मी आणखी थोडे दिवस राहीन, हात मागे केला की माझा हात देईन. हे त्यांना पटेल का, मला ठाऊक नाही. तुला पटणार नाही, हे ठाऊक आहे.

सोनूबाई उद्या हे पत्र स्पीड पोस्टाने टाकणार आहे. तुला शुक्रवार-शनिवारपर्यंत मिळेल. तू ताईंना फोन केलास की त्याच दिवशी माझ्या फोनवर नुसतं एवढं बोल की मागच्या दाराची कडी बसवली. कुणी ऐकलं तरी चालेल. नाही केलास तर बसवली नाही म्हण, म्हणजे सतराच्या आत मला स्वतः तोंड उघडावं लागेल. पण काय ते लवकर कळव. ताई संध्याकाळी घरी येऊन माझ्याकडे बघतील, त्याच्या आधी मला कळलं पाहिजे.

तुझ्या निरोपावर डोळे लावून बसलेला,
बाळा