पॉलिसीवर माझं नाव

४ मे, रविवार
गाडीला हात लावायचा नाही! या वयात हे ऐकून घ्यावं लागलं. सकाळी ब्रेड आणायला निघालो, किल्ली उचलली, तर सूनबाई जिन्यावरून धावत खाली — "बाबा, प्लीज नको. पॉलिसीवर तुमचं नाव नाहीये."

आपल्याकडे विमा गाडीचा असतो. लायसन असलं की कोणीही चालवा. इथे जर्मनीत म्हणे कोण कोण चालवणार त्यांची नावं, जन्मतारखा, सगळं आधी कंपनीला कळवायचं. यादीबाहेरच्याने चालवली आणि कळलं तर दंड. मी म्हटलं, मग घाला माझं. श्रीनाथ लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला, "बघू, बाबा." 'बघू' म्हणजे 'नाही', हे त्याच्या लहानपणी मीच त्याला शिकवलंय.

५ मे
ब्रेड चालत जाऊन आणला. येताना चढ आहे.

८ मे, गुरुवार
शुभाला सरळ विचारलं, यादीत आहे तरी कोण? म्हणाली, "मेन ड्रायव्हर मी." मेन! म्हणजे रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख असतो तसा. गाडी घेतली माझ्या मुलाने आणि प्रमुख सूनबाई! तिने शांतपणे समजावलं — जो जास्त चालवतो तो मेन, बाकीचे ॲडिशनल, यात मानपान काही नसतो. नसतो कसा? जिथे नावं एकाखाली एक लिहिली तिथे मानपान आलाच. लग्नपत्रिका छापून बघ म्हणावं.

हिला सांगितलं तर म्हणे, "अहो, तीन महिन्यांसाठी आलोय, सुखाने राहा की."

११ मे, रविवार
न्यूर्नबर्गचा किल्ला पाहिला. छान आहे. इथून, म्हणजे हेर्त्सोगेनआउराखहून, फार लांबही नाही. शुभा गाडी चालवत होती, शेजारी मी. मागे ही, नात स्पृहा, आणि स्पृहाच्या बूस्टर सीटला चिकटून अंग चोरून बसलेला माझा मुलगा! कॉलेजात असताना माझी मारुती दारात टिकू द्यायचा नाही. विचारलं, तू का नाही चालवत रे? "शुभाला आवडतं चालवायला." चालवते ती चांगली, ते मान्य. पण हा पार ताटाखालचं मांजर झालाय.

१५ मे, गुरुवार
शुभा आज घरूनच काम करणार होती. गाडी दारात उभी, आणि श्रीनाथ बसने ऑफिसला! बायकोकडे किल्ली मागायचीही चोरी? ही म्हणते, "किती छान आहे इथली बस." हिला सगळंच छान आहे.

२२ मे, गुरुवार
जेवताना बोललो शेवटी. चाळीस वर्षं गाडी चालवली, एक ओरखडा नाही. (हिने खोकून दाखवलं. सोसायटीच्या गेटचा खांब. तो मी धरत नाही.) आणि स्वतःच्या गाडीत मुलाला मागे बसावं लागतं, बापाला तर किल्लीला हात लावायचीही परवानगी काढावी लागते — हे कसलं घर?

श्रीनाथ ताटावरून उठून वर गेला. शुभाचे डोळे भरले होते. जरा जास्त बोललो. पण खोटं बोललो नाही.

२३ मे
कोणी कोणाशी बोलत नाही. स्पृहा फक्त बोलते, तेही जर्मन.

२८ मे, बुधवार
शुभा आपणहून आली. "बाबा, तुमचं लायसन द्या. भाषांतर करून घ्यावं लागेल. मग नाव घालते." मी काही विचारलं नाही. चांगलं चाललेलं असताना माणसाने प्रश्न विचारू नयेत.

१४ जून, शनिवार
लागलं नाव! शुभाने कंपनीची मेल वाचून दाखवली — दत्तात्रय केशव टिळेकर, जन्मतारखेसकट. जर्मन उच्चारात स्वतःचं नाव ऐकायला मजा वाटली. हिला शिरा करायला लावला. "निवडून आल्यासारखं करताय," म्हणाली, पण केला. श्रीनाथने दोनदा मागून घेतला.

संध्याकाळी गावातून चक्कर. स्टिअरिंग डावीकडे, रस्त्याची बाजू उजवी. वळताना दिवा लावायला गेलो तर वायपर सुरू झाले, कडक उन्हात! मागून स्पृहा ओरडतेय, "ओपा, ड्रायसिग!" गल्लीत तीसच्या वर जायचं नाही, हे सहा वर्षांची पोर आजोबांना सुनावते. श्रीनाथ माझ्या शेजारी बसला होता. म्हणाला, "मस्त चालवताय, बाबा." असं तो मला कधी म्हटल्याचं आठवत नाही. फार बरं वाटलं.

१५ जून, रविवार
शुभाला घेऊन पुन्हा एक चक्कर मारली. गाडी लावली, उतरणार तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, एक मिनिट बसा."

माझं नाव वाढवलेलं नाही. श्रीनाथचं काढून त्याच्या जागी घातलंय. फेब्रुवारीत त्याला ऑफिसात फिट आली, एप्रिलमध्ये परत. वर्षभर गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. आईबाबांना कळता कामा नये, ही त्याची अट. पण उद्या तिला कामासाठी हॅनोव्हरला जावंच लागतंय, आणि त्याची एर्लांगनला तपासणी आहे. त्याला एकट्याला पाठवायला तिचा जीव धजत नाही.

हिला अजून सांगितलं नाही. उद्या मी नेणार त्याला. देवा, माझं नाव खोडून टाक, त्याचं परत घाल.