बाबा मॅच बघायला येणार

१ मार्च
आजपासून रोजनिशी. पुढे आत्मचरित्र लिहायची वेळ येईल तेव्हा डोकं खाजवत बसायला नको.
कालची मॅच बेंचवरून पाहिली. कोचने मला राखून ठेवलं आहे. हुकमाचा एक्का कुणी पहिल्याच हाताला टाकत नाही. सीझन सुरू झाल्यापासून तो मला राखूनच ठेवतोय, यावरून त्याचा माझ्यावर किती भरवसा आहे ते दिसतं. बायकोला हे नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, डाव संपत आला.

५ मार्च
बाबांचा फोन. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता लांबचं स्वच्छ दिसतं, तर आधी तुझा खेळ बघतो म्हणाले. तिकीट काढूनही झालं. १८ एप्रिलची मॅच.
बाबांनी मला खेळताना कधीच पाहिलेलं नाही. फुटबॉलसाठी बँकेची नोकरी सोडली तेव्हा वर्षभर अबोला होता. इकडे परदेशात क्लब मिळाला आणि अबोला सुटला. तेव्हापासून दर रविवारी फोनवर एकच प्रश्न, काल खेळलास का? मी हो म्हणतो. गोल विचारले तर एक सांगतो, फार तर दोन. हॅटट्रिक कधीच सांगितली नाही. काही तत्त्वं पाळावी लागतात.
सहा आठवडे हातात आहेत. मला काही वर्ल्ड कप जिंकायचा नाही, नुसतं मैदानात उतरायचं आहे.
संकल्प: पहाटे पळणे. साखर बंद. कोचशी गोड बोलणे.

६ मार्च, पहाट
उठलो. बाहेर गारठा. गारठ्यात स्नायू आखडतात. प्रोफेशनल माणसाने शरीराचं ऐकलं पाहिजे. परत झोपतो.

११ मार्च
प्रॅक्टिसमध्ये महत्त्वाची जबाबदारी मिळाली. फ्री किकच्या सरावाला आम्ही प्लॅस्टिकचे पुतळे उभे करतो. त्यातला एक मोडला. कोचने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मला बोलावलं. तासभर पुतळ्यांच्या रांगेत उभा होतो.
किक मारायला उंट. हा आमचा नवा फॉरवर्ड. मान लांब, सदानकदा च्युइंगम चघळत असतो. त्याला खेळ असा येत नाही, बॉल त्याच्यावर आपटतो आणि गोलमध्ये जातो, एवढंच. आज त्याचा बॉल माझ्या पोटावर बसला. कोचने टाळ्या वाजवल्या. गोल मी अडवला, म्हणजे टाळ्या मलाच.
साखर: चहात एकच चमचा. ती मोजत नाही.

२२ मार्च, रविवार
काल जिंकलो. उंटाचे दोन गोल.
सेकंड हाफमध्ये कोचने मला वॉर्म-अपला पाठवलं. मैदानाच्या कडेने वर-खाली पळालो. मग उतरवलं दुसऱ्यालाच. डावपेच असतात. पण पळताना एक गोष्ट लक्षात आली, पब्लिक मला ओळखतं. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने खास हाक मारली. बाजूला हो म्हणाला, काही दिसत नाहीये.
बाबांना फोनवर एक गोल सांगितला. उंटाचे दोन होते, त्यातला एकच घेतला.

३१ मार्च
कोचशी बोललो. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही, आणि इंग्रजीत दोघांचा आनंदच आहे. वाक्यं बाथरूममध्ये पाठ करून गेलो होतो. म्हटलं, वडील येताहेत, पहिल्यांदाच बघणार, पाच मिनिटं तरी खेळव. त्याने ऐकून घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, बघू.
म्हणजे पक्कं. हिने विचारलं, नेमकं काय म्हणाला? मी म्हटलं, शब्द काय घेऊन बसलीस, हात बराच वेळ खांद्यावर होता. ही म्हणाली, माझ्या भावाला पकडलं तेव्हा तिकीट चेकरचाही होता.
माहेरच्या माणसांचा अनुभव प्रत्येक ठिकाणी लावायचा नसतो.

६ एप्रिल
उंटाच्या मांडीचा स्नायू दुखावला. प्रॅक्टिस अर्धवट सोडून गेला. वाईट वाटलं. त्याची बॅग मी स्वतः गाडीपर्यंत नेली. फिजिओ म्हणाला, दोन आठवडे तरी लागतील. दोनदा विचारून खात्री करून घेतली, काळजीपोटी.
आंघोळ करताना शीळ वाजवत होतो. हिने बाहेरून विचारलं, कुणाचं काय मोडलं?

१० एप्रिल
उंट आज पळाला. चांगला पळाला. त्या फिजिओला स्वतःच्या शब्दाची काही चाड नाही.
एजंटला फोन केला. उचलला नाही. नंतर मेसेज आला, नुसतं अंगठ्याचं चित्र. म्हणजे वरच्या पातळीवर बोलणी चालू आहेत. ही म्हणाली, अंगठा दाखवणं म्हणजे काय ते विसरलास वाटतं.

१३ एप्रिल
इथे कोण वाचतंय, खरं लिहितो. भीती वाटतेय. बाबा खुर्चीवर बसतील, मॅच सुरू होईल, आणि ते मैदानात मला शोधत राहतील. आधी डावीकडे, मग उजवीकडे. शेजारच्याला विचारताही येणार नाही. हे चित्र सारखं डोळ्यांसमोर येतं.
प्लॅन बी: पायाला पट्टी बांधून दुखापत सांगणे. प्लॅन सी: मॅच रद्द झाली असं सांगणे. ही म्हणाली, सरळ खरं सांगून टाक. खरं सांगणं हा शेवटचा उपाय झाला. इतक्यात कशाला?

१५ एप्रिल
बाबा आले. वाळलेत. मॅचसाठी नवा शर्ट शिवून आणलाय, तो हँगरला लावून ठेवायला सांगितला. जेवताना विचारलं, तू नेमका कुठे उभा असतोस? म्हटलं, फॉरवर्डला, समोरच्यांच्या गोलजवळ. बाबा हिच्याकडे वळून म्हणाले, म्हणजे सगळ्यांच्या पुढे. हिने मान हलवली आणि ताटं उचलली.
त्यांची सीट पहिल्या रांगेत घेतली, आमच्या बेंचच्या बाजूला. विचार करूनच घेतली.

१८ एप्रिल, सकाळ
टीम लागली. बेंचवर आहे. नसतो तर गोष्ट वेगळी. सेकंड हाफला उतरणार, हे स्वच्छ दिसतंय. उंट तिथपर्यंत दमेल. गोल डाव्या पायाने मारणार.

१८ एप्रिल, संध्याकाळ
पाय खुर्चीवर, पोटरीवर बर्फ. झालं ते सगळं लिहून टाकतो.
मॅच सुरू झाली. मागे वळून पाहिलं. बाबा नव्या शर्टात बसले होते. कपाळावर आडवा हात धरून मैदानात मला शोधत होते. आधी डावीकडे, मग उजवीकडे. मला बघवेना. कुणी सांगितलं नव्हतं, तरी उठलो आणि त्यांच्या समोरच कडेने पळायला लागलो. बाबांना दिसलो. त्यांनी हात वर केला.
मग मला थांबताच येईना. वॉर्म-अप म्हणजे चार पावलं पळायचं, पाय ताणायचे, परत यायचं. मी जीव तोडून पळत होतो. उड्या मारून हवेत हेडर मारले. नसलेल्या बॉलसाठी हात वर केले. हाफ टाइमला सगळे पाणी प्यायला आत गेले, मी पळत होतो. असिस्टंट कोच ओरडला, बस खाली. भाषा कळत नसल्याचा आव आणला.
शेवटची काही मिनिटं राहिली आणि उंट मांडी धरून खाली बसला. कोच वळला. बेंचवर एक नजर टाकली आणि माझ्याकडे बोट केलं. या सीझनमध्ये पहिल्यांदा. बाबा उठून उभे राहिले होते. मी वरचं पिवळं जाकीट काढलं, लाइनीकडे दोन पावलं टाकली, आणि पोटरीत गोळा आला. तो सोडवायला वाकलो, तर दुसरीतही. लाइनीच्या अलीकडेच आडवा झालो.
कोचने माझ्या जागी एका डिफेंडरला उतरवलं. त्याने गोल मारला.


१९ एप्रिल, रविवार
सकाळी क्लबच्या ऑफिसचा मेसेज. पाय बरा होईपर्यंत यायची घाई करू नकोस. आणि बरा झाल्यावरही. नवा सीझन, नवी संधी, असा अर्थ लावून पाहिला. लागला नाही.
दुपारी पलंगावर पडलो होतो. बाहेर बाबा काकांशी फोनवर बोलत होते. बाबा फोनवर कायम मोठ्याने बोलतात. “अरे, पाहिली ना. अख्खी मॅच पळत होता. बाकीचे सारखे लांब जायचे, हा पूर्ण वेळ माझ्या डोळ्यांसमोर.” मग पलीकडचं ऐकत राहिले. काकांनी काय विचारलं असेल ते मला कळलं. बाबा म्हणाले, “हो, केला की. एक केला.”
ही दारात भांडं पुसत उभी होती. पुसायची थांबली.
बाबा आत आले, माझ्या पायाशी बसले आणि पोटरी चोळायला लागले. मी म्हटलं, बाबा, मी गोल नाही केला. मी तर मैदानात पाऊलही टाकलं नाही.
म्हणाले, “माहीत आहे. तू मला सांगायचास, मी त्याला सांगायचो. एकदम बंद कसं करणार?”
बाबा चोळत राहिले. मग त्यांनी विचारलं, दुखतंय का? मी सवयीने नाही म्हणालो. त्यांनी हात काढला नाही.
मग हो म्हणालो.