माडीवरचा पलंग

अहो,

फोनवर लेक शेजारीच असते, म्हणून हे लिहितेय. मी मजेत आहे. खुब्याच्या ऑपरेशनला सोळा दिवस झाले. आज वॉकर धरून खिडकीपर्यंत गेले, तर लेकीनं टाळ्या पिटल्या!

डॉक्टर म्हणतात, हाड छान जुळतंय. जिना चढता येईल का विचारलं, तर म्हणाले, "बघू, आजी." हे 'बघू' मी ओळखते, नातवंडांना मीच देत आलेय.

गोळ्या वेळेवर घेता ना?

माझा पलंग माडीवरून खाली आणवून घ्या. एकट्यानं उचलू नका. तुम्हाला वरचा वारा आवडतो, तेव्हा तुमचा तिथंच असू द्या, असं लिहिणार होते. पण इथे तुमच्या घोरण्यावाचून डोळ्याला डोळा लागत नाही.

दोन्ही आणा.

तुमचीच,
सध्या सहा पायांची